टिटवीची चार अंडी, भुऱ्या आणि माझ्या खिशातला बिस्किटपुडा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण शिव्या द्यायच्या असतील तर कृपया शेवटपर्यंत वाचून द्या.

गेले दोन आठवडे आमच्या टेकडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत चालू आहे. वेताळ टेकडीवर तीन कुत्री एका लांडोरीच्या मागे धावतायत, असा कुणीतरी काढलेला व्हिडिओ आला आणि दुपारपर्यंत ग्रुपची दोन गावं झाली. एका गावाचं म्हणणं, "कुत्री उचला, नाहीतर टेकडीवर पक्षी उरणार नाहीत." दुसऱ्या गावाचं म्हणणं, "कुत्र्यांना कशाला दोष देता, टेकडी कोण खातंय ते बघा." मधेच एकाने "निसर्गाचा नियमच आहे, मोठा लहानाला खातो" असं लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलं. चौघांनी ग्रुप सोडला. त्यातले दोघे परत आले.

मी या सगळ्यात एक शब्दही लिहिला नाही. लोकांना वाटलं, हा समंजस आहे. समंजस वगैरे काही नाही, मला बोलायला तोंड नव्हतं. का ते आता सांगतो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. खाणीच्या वरच्या अंगाला, जिथे मुरूम आणि खडी पसरलेली मोकळी जागा आहे, तिथे टिटवीने अंडी घातली होती. चार अंडी. टिटवी घरटं बांधतच नाही म्हटलं तरी चालेल. खडे थोडे सारायचे, मधे खळगा करायचा, झालं. अंडी इतकी खड्यांसारखी दिसतात की मी दोन पावलांवर उभा राहूनही पहिल्यांदा चुकलो होतो. चार आठवडे नर-मादी आलटून पालटून बसतात. एप्रिलच्या उन्हात अंडी उबवायची नसतात, वाचवायची असतात. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. खाणीतलं पाणी आणि ती अंडी यांच्यामध्ये ती किती फेऱ्या मारते हे बघत मी रोज सकाळी अर्धा तास लांब बसून असायचो. ऑफिसला उशीर व्हायला लागला होता.

आता दुसरी गोष्ट. लॉकडाऊनपासून माझ्या खिशात बिस्किटाचा पुडा असतो. तेव्हा टेकडीखालच्या टपऱ्या बंद झाल्या, कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी खायला घालायला सुरुवात केली. लॉकडाऊन संपला, पुडा राहिला. त्यातला एक तांबूस-भुरा, एक कान दुमडलेला, माझ्यासोबत वरपर्यंत यायचा. त्याचं नाव आम्ही भुऱ्या ठेवलं होतं. त्याच्याबरोबर अजून दोघं.

तुम्हाला अंदाज आलाच असेल.

मी रोज त्या जागी जाऊन बसायचो आणि ती तिघं माझ्या मागे येऊन बसायची. अठरा-एकोणीस दिवस काही झालं नाही. टिटवी ओरडायची, डोक्यावरून झेपा घ्यायची, कुत्री कंटाळून झोपायची. मला वाटलं, ही आपली कुत्री आहेत, पोट भरलेलं आहे, ही कशाला अंड्यांच्या नादी लागतील? एका सकाळी मी फोनवर होतो. पाठ फिरवून बोलत होतो, मिनिटभरच. टिटवीचं ओरडणं बदललं म्हणून वळलो, तर भुऱ्या खळग्यात तोंड घालून उभा होता. मी ओरडलो, दगड उचलला. तो शेपूट हलवत माझ्याकडे आला. तोंडाला पिवळं लागलेलं होतं, आणि तो माझ्या खिशाकडे बघत होता.

चारही गेली. टिटवी दोन दिवस त्याच जागेभोवती फिरत होती. तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. टिटवी दुर्मीळ पक्षी नाही, कदाचित तिने पुन्हा अंडी घातलीही असतील. पण तेव्हापासून या विषयावर जिथे जे मिळेल ते वाचतोय, आणि ग्रुपवरच्या दोन्ही गावांना अर्धीच गोष्ट दिसतेय असं माझं मत झालंय. ते मांडतो.

आधी त्या "निसर्गाचा नियम" वाल्यांसाठी. टिटवीची अंडी कोण कोण खातं? मुंगूस खातं, घोरपड खाते, कावळा खातो, माळावर खोकड खातं. हे हजारो वर्षं चालू आहे आणि टिटवी संपलेली नाही. कारण मुंगसाला जगायचं तर जागेवर जे मिळेल त्यावर जगायचं असतं. भक्ष्य कमी झालं की मुंगसांची पिल्लंही कमी जगतात. हा हिशेब आपोआप जुळतो. कुत्र्याचा हिशेब या वहीत नाहीच. त्याचं पोट टेकडीखालच्या कचऱ्यावर, चिकनच्या दुकानामागच्या ढिगावर आणि माझ्या बिस्किटांवर भरतं. टेकडीवरचे सगळे तित्तर संपले तरी एकही कुत्रा उपाशी मरणार नाही. म्हणजे ज्या भक्षकाची संख्या भक्ष्यावर ठरत नाही, असा भक्षक आपण तयार केलाय. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. इतक्या मोठ्या संख्येने मांसाहारी प्राणी जंगल पोसू शकत नाही. आपण पोसतो.

आणि पोट भरलेलं कुत्रं शिकार करत नाही हा माझा गैरसमज होता. पाठलाग ही त्याची भूक नाही, सवय आहे. उलट पोट भरलेलं असलं की धावायला अंगात जोर असतो.

यात गिधाडांचाही एक धागा आहे. एकेकाळी मेलेलं गुरं गावाबाहेर टाकलं की गिधाडं काही वेळात फडशा पाडत. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मुळावर आलं. मेलेल्या गुराच्या मांसातून ते पोटात जायचं आणि गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर काही जातींची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली होती. त्या मांसावर मग कुत्री आली. म्हणजे एक पक्षी आपल्या औषधाने गेला आणि त्याच्या ताटात जेवून वाढलेली कुत्री दुसऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत पोचली.

मग सरळ उत्तर काय? कुत्री हटवा? इथे जरा बाहेरचं बघू.

न्यूझीलंडने २०१६ मध्ये जाहीर केलं की २०५० पर्यंत देशातले उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा मांसाहारी) आणि पॉसम संपवायचे. ऐकायला क्रूर वाटतं. पण तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. तिथले पक्षी जमिनीवरच राहायला, उडायचं सोडून द्यायला शिकले होते. काकापो नावाचा न उडणारा पोपट १९९५ मध्ये ५१ वर आला होता. भक्षक नसलेल्या बेटांवर नेऊन जपला, म्हणून आज तो दोनशेच्या वर आहे. तिथे भक्षकांवर नियंत्रण ठेवल्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

आता मॅक्वारी बेट. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं, अंटार्क्टिकाच्या वाटेवरचं. समुद्रपक्ष्यांना खाणारी मांजरं तिथून २००० सालापर्यंत संपवली. पुढच्या काही वर्षांत ससे बेसुमार वाढले आणि त्यांनी उतारांवरचं गवतच खाऊन टाकलं. (सशांना आवरणारा रोगही तोवर कमी पडायला लागला होता, त्यामुळे सगळं खापर मांजरं काढण्यावर फोडता येत नाही.) शेवटी ससे, उंदीर, घुशी सगळंच काढावं लागलं आणि २०१४ मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. एकाला उचललं की बाकीचं जागच्या जागी राहत नाही, एवढं तरी यातून कळतं.

आणि आपण बेट नाही. पुणे तर नाहीच. टेकडीवरून आज पन्नास कुत्री उचलली आणि खालचा कचरा तसाच राहिला, तर सहा महिन्यांत नवी पन्नास येतील.

आता दुसऱ्या गावाकडे येऊ, "अधिवास वाचवा" वाल्यांकडे. मन माझं या गावात आहे. कारण आपल्याच राज्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे: माळढोक.

सोलापूरजवळचं नान्नज. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, लोकांच्या मालकीची शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडकले आणि माळढोक म्हणजे आपल्या पोटावर आलेला पक्षी अशी भावना झाली. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं. तोवर माळ उरला कुठे होता? पाणी आलं, ऊस आला, गवताळ जमिनीवर झाडं लावली गेली, वस्त्या आणि तारा आल्या. नान्नजच्या माळावर लांडगा होता, खोकड होतं, मुंगूस होतं, आणि त्यांच्यासोबतच माळढोकही होता. लांडग्याने माळढोक संपवला नाही. माळ गेला तसा माळढोक गेला, आणि आता लांडगाही जायच्या वाटेवर आहे. देशात १९६९ मध्ये सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेच्या आसपासही नसावेत, आणि जे आहेत ते मुख्यतः राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तर बातमी होते.

पण याच माळढोकाच्या गोष्टीत पहिल्या गावाचंही उत्तर आहे. जैसलमेरकडे आज जे प्रयत्न चालू आहेत, त्यात कुत्री आत येऊ नयेत म्हणून कुंपणं घातलेली क्षेत्रं आहेत, अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवणं आहे, आणि विजेच्या तारांवरून सर्वोच्च न्यायालयात चाललेली लढाईही आहे. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली. माळढोक एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. शंभर-सव्वाशे पक्षी उरलेले असताना "आधी अधिवास, मग कुत्र्यांचं बघू" म्हणायची सोय उरत नाही. अधिवास वाचेपर्यंत वाचवायला पक्षी तरी हवा ना.

आता परत पुण्यात.

आपल्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नव्हेत. गवत, खुरटी झुडपं, अधूनमधून झाडं, उघडा खडक. तित्तर, चंडोल, रातवा, टिटवी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्या उघडेपणाचेच रहिवासी. आपण काय केलं? "उघडी टेकडी हिरवी करा" म्हणून गिरिपुष्प लावलं. बाहेरच्या देशातलं झाड, वाढतं भराभर, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. त्याखाली गवत नीट येत नाही. वृक्षारोपणाचे फोटो मीही काढलेत, मीही खड्डे खणलेत. गवताळ माळाला सरकारी कागदावर "पडीक" म्हणतात आणि आपण मनातही तेच म्हणतो.

मग बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, तुमच्यापैकी बरेच जण होतात. तिकडे नदी. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा नदीकाठ प्रकल्प, मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. चिखल, वाळू, पाणवनस्पती, तिरपा मातीचा काठ या गोष्टी नकाशावर रिकाम्या दिसतात. बगळ्याला, तुतारीला, धोब्याला त्याच हव्या असतात. येरवड्याला डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखली जाणारी पक्ष्यांची जागा आहे, तिथे वर्षानुवर्षं राडारोडा आणि कचरा पडत आलाय. यातलं काहीही कुठल्या कुत्र्याने केलेलं नाही.

इथे दुसरं गाव टाळ्या वाजवेल. थांबा.

मला जे कळलं ते एवढंच आहे, आणि त्यासाठीच ही सगळी पोस्ट: ही दोन भांडणं वेगळी नाहीत. जागा जितकी लहान होते तितका भक्षक मोठा होतो.

शेकडो एकरांच्या सलग माळावर टिटवीचा खळगा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. कुत्रं तिथपर्यंत पोचतच नाही, कारण वस्ती लांब आहे, आणि वस्तीजवळ त्याला आयतं मिळतंय. त्याच माळाचे तुकडे करा. मधून रस्ता काढा, दर शंभर पावलांवर पायवाट पाडा, कडेला सोसायट्या आणा. आता प्रत्येक खळगा कुठल्या तरी पायवाटेच्या जवळ आहे आणि प्रत्येक पायवाटेवर माझ्यासारखा एक जण तीन कुत्री घेऊन चालतोय. एक तासात ती सगळी जागा हुंगून होते. उरलेल्या गवतात गिरिपुष्प लावा, म्हणजे अंडी घालायला चार उघडे कोपरेच उरतात, आणि ते कोपरे कुत्र्यांना पाठ होतात. कुत्री तेवढीच असली तरी नुकसान दुप्पट होतं.

पुणे जिल्ह्याच्या माळांवर तर गोष्ट याच्याही पुढे गेलीये. लांडगा आणि कुत्रं यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. माळ तुटला, वस्ती आणि कचरा लांडग्याच्या दारात गेला, त्यांच्यासोबत कुत्रं गेलं. आता धोका असा की लांडगा न मरताही संपेल.

म्हणून "रस्ता झाला तरी चालेल, आपण कुत्री पकडू" हे जितकं फसवं, तितकंच "रस्ता थांबवला की पक्षी आपोआप वाचतील" हेही फसवं. टेकडी वाचवायच्या मोर्च्यात मी घोषणा दिल्या. त्याच टेकडीवर दोन वर्षांनी चार अंडी माझ्या मागे आलेल्या कुत्र्याने खाल्ली. टेकडी जागेवर होती. अधिवास, निदान त्या कोपऱ्यात, शाबूत होता.

कायद्याचं थोडं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचं, आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. खायला घालायच्या जागा ठरवून द्यायच्या, हेही त्याच नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरावीक जागीच खायला घाला असं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका असा आदेश दिला. त्या यादीत टेकडी नाही, माळ नाही, तळं नाही. म्हणजे टेकडीवरचं कुत्रं पकडलं, तर नियमाप्रमाणे निर्बीजीकरण करून परत टेकडीवरच. निर्बीजीकरण झालेलं कुत्रं पिल्लं घालत नाही, पण अंडी खातं. माझा मारण्याला विरोध आहे, विष घालण्याला तर टोकाचा विरोध आहे. (विष कुत्र्यावर थांबत नाही, गिधाडांचं वर सांगितलंच.) पण पक्ष्यांच्या विणीच्या जागांसाठी वेगळा नियम हवा ही मागणी दोन्ही गावांनी मिळून का करू नये?

आता जे आपल्या हातात आहे ते.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. पंधरा वर्षं कुत्र्यांना खायला घालतात, पदरमोड करून नसबंदीही करून आणतात. त्यांना मी ही अंड्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं चिडतील. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, मग वर कशाला घालता? खाली घाला ना. माझी कधी वर जातात का बघ." मी बघितलं. खरंच जात नाहीत. त्यांची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सगळं खाली. खरकटं उचलून नेतात.

मी म्हटलं, "काकू, हे ग्रुपवर लिहा ना."

"त्या ग्रुपवर? नको रे बाबा. मला अजून जगायचंय."

तर मी लिहितो. टेकडीवर खायला घालणं मी पूर्ण बंद केलं. पहिले पंधरा दिवस भुऱ्या वर यायचा, खिशाला नाक लावायचा, आणि मला काय वाटायचं ते मी सांगत नाही. आता तो खाली काकूंच्या रांगेत असतो. त्याचं निर्बीजीकरणही झालंय. बाकीची दोघं मात्र अजून वर दिसतात, त्यांना अजून कुणीतरी वर घालतंय.

तुमच्याकडे चार गोष्टी मागतो. टेकडीवर, तळ्याकाठी, नदीकाठी काहीही खायला टाकू नका, कुत्र्यांना नाही, कबुतरांना नाही, मुंग्यांना पीठसुद्धा नाही. घरचा कुत्रा फिरायला आणता तर दोरी सोडू नका, निदान मार्च ते ऑगस्ट. ज्यांना खायला घालायचंय त्यांना हाकलू नका, खाली जागा ठरवून द्यायला मदत करा, कारण नसबंदीला कुत्री पकडून देणारे तेच आहेत. आणि रस्ता, बोगदा, नदीकाठ यांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा फक्त "झाडं तुटतील" एवढंच लिहू नका. "गवत जाईल, उघडा मुरूम जाईल, चिखल जाईल" हेही लिहा. आपण लिहिलं नाही तर ते कुठल्याच फायलीत येणार नाही.

लहानपणी पंचतंत्रातली टिटवी वाचली होती. समुद्राने तिची अंडी नेली म्हणून ती समुद्राशी भांडायला उठली, आणि सगळे पक्षी तिच्या बाजूने उभे राहिले. ती कुणाच्या घरी समंजसपणे गप्प बसली नव्हती.

यंदा खाणीच्या वर पुन्हा एक जोडी आहे. नेमकी जागा सांगणार नाही, विचारू नका. मी जात नाही. खालच्या वाटेवरून ओरडणं ऐकू आलं की पुढे निघतो.

शेअर करायला हरकत नाही. माझं नाव काढलंत तरी चालेल, बिस्किटाचा भाग काढू नका.